उष्णा नव्हे, उसनं

"आपल्या काउंटीचे 'उष्णा' हे हेलिकॉप्टर काकूंच्या हट्टापायी सरकारला परत गेले, आणि पुढच्याच वर्षी टेकडीवर वणवा पेटला तेव्हा आपल्याला शेजारच्या काउंटीपुढे हात पसरावे लागले. तरीही काकूंचा स्वभाव प्रेमळ होता."

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत, श्रद्धांजलीच्या पानावर, ही दोन वाक्ये छापली आहेत. लिहिणारा तरुण माझ्या चांगल्या परिचयाचा आहे आणि त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु या दोन वाक्यांत एक शब्द चुकला आहे, एक घटना उलटी सांगितली गेली आहे, आणि 'तरीही' हे अव्यय तर सर्वस्वी अन्यायाचे आहे. ज्यांना तो काकू म्हणतो त्यांना मी वीस वर्षे 'बाई' म्हणत आलो. ते हेलिकॉप्टर ज्याने चौदा महिने खपून उडते केले तो मेकॅनिक मी. तेव्हा या प्रकरणात बोलण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो मला आहे, आणि तो मी बजावणार आहे.

बाईंच्या हाती कोणतीही वस्तू आली की त्या आधी ती उलटी करत. स्टेपलर असो, कॉफीचा मग असो, माझा पाना असो. उलटी करायची, तळाशी काही लिहिले आहे का ते चष्म्याच्या वरून पाहायचे आणि विचारायचे, "हे कुणाचं?" त्या आमच्या काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, अग्निशमन दलात मालमत्तेच्या कारकून होत्या, त्यामुळे लोकांना वाटे की ही नोकरीची सवय आहे. तसे नव्हते. त्या सोलापूरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढल्या होत्या. तिथे एका घरची कढई दुसऱ्या घरी आणि दुसऱ्या घरचे पातेले तिसऱ्या घरी असा दिवसभर भांड्यांचा फेरा चाले, आणि प्रत्येक भांड्यावर टिंबाटिंबांच्या अक्षरांत नाव ठोकलेले असे. नाव वाचता येऊ लागले ते भांड्यांवरूनच, शाळेत नंतर गेले, असे त्या सांगत.

आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा हिने पोहे केले होते. बाईंनी पोहे संपवले, वाटी उलटी केली, आणि म्हणाल्या, "ही वाटी तुमची नाही हो."

वाटीवर 'सौ. शैला' असे नाव होते. आमच्या घरात शैला कोणी नाही. बऱ्याच विचारांती हिला आठवले की आमच्या शेजारी एक कुटुंब राहत असे, ते कॅलिफोर्नियाला गेले त्याला अकरा वर्षे झाली होती.

"पाठवून द्या," बाई म्हणाल्या.

"एक वाटी? पोस्टाने?" मी विचारले.

"मग काय पोहत जाईल?" त्या म्हणाल्या. "आणि रिकामी नका पाठवू. चिवडा घाला."

हिने चिवडा घालून वाटी पाठवली. आठवड्याने शैलाबाईंचा फोन आला. त्या वाटीवर नाव त्यांच्या आईने घातले होते, आणि वाटी पोचली त्याच वर्षी आई गेली होती. अर्धा तास दोघी फोनवर रडल्या. मी मात्र मनात म्हणालो, ही बाई आपल्याला जड जाणार.

आता हेलिकॉप्टर. ते आमच्याकडे उडत आले नाही, लांबलचक ट्रेलरवर, पाती काढून, ताडपत्रीत गुंडाळून आले. लष्करी हिरवा रंग, उंदराने कुरतडलेल्या गाद्या, आणि नोंदवह्यांचे चार खोके. आमचा चीफ, दलाचा प्रमुख, म्हणजे सहा फूट चार इंचांचा टेक्सन. तो ट्रेलरभोवती लहान मुलासारखा फिरला आणि ओरडला, "बघा, सरप्लस! फुकट! आता हे आपलं!"

बाई खोक्यातला पहिला कागद वाचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "सरप्लस नाही, चीफ. एक्सेस."

"फरक काय पडतो, मॅम?"

वाचकहो, सगळा फरक याच एका शब्दात आहे, आणि स्मरणिकेतल्या तरुणाने नेमका तोच पाहिलेला नाही. सरकारला सर्वस्वी नकोसे झालेले ते सरप्लस. ते देऊन टाकतात आणि घेणाऱ्याचे होते. एका खात्याला नको असलेले, पण सरकारने अजून सोडलेले नाही, ते एक्सेस. लष्कराने मोकळे केलेले असे हेलिकॉप्टर केंद्राचे वनखाते आपल्या ताब्यात घेते, राज्याच्या वनखात्याकडे वापरायला सोपवते, आणि राज्य ते आमच्यासारख्या स्थानिक दलाला देते. हात तीन बदलतात, मालक बदलत नाही. वणवा विझवण्यासाठी वापरायचे, आणि वापर संपला की परत करायचे, म्हणजे ते पुढच्या गरजवंताकडे जाते. ज्या कोणी हे धोरण आखले त्याला माझा नमस्कार आहे. पण ते इंग्रजीत बावीस पानांचे होते आणि चीफला बावीस पाने वाचायची सवय नव्हती.

बाईंनी इंग्रजीत समजावायचा प्रयत्न केला. लोन म्हटले, तर चीफने बँकेचा हप्ता विचारला. लीज म्हटले, तर वकील विचारला. शेवटी त्या वैतागून माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "अहो, सांगा ना याला. उसनं आहे, आपलं नाही."

"ऊस्ना?" चीफ म्हणाला.

"उसनं," बाई म्हणाल्या. "शेजारणीकडून वाटीभर साखर आणता ना, ते."

चीफच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. त्याच्या आजीचे शेत होते, तिच्याकडेही साखरेची वाटी अशीच ये-जा करीत असे. त्या दिवसापासून त्या हेलिकॉप्टरचे नाव ऊस्ना पडले. हँगरच्या फळ्यावर इंग्रजीत 'ऊस्ना' लिहिले जाऊ लागले. गावच्या वर्तमानपत्राने त्याचा फोटो छापला आणि खाली लिहिले की ऊस्ना ही भारतातली एक अग्निदेवता आहे. बाईंनी संपादकाला पत्र पाठवले. संपादकाने दुरुस्ती छापली, ती अशी की ऊस्ना ही साखरेची देवता आहे. त्याच इंग्रजी अक्षरांवरून आमच्या स्मरणिकेच्या लेखकाने 'उष्णा' केले. वणव्याशी संबंध म्हणून उष्णा. तर्क सुंदर आहे. शब्द चूक आहे.

चौदा महिने मी त्या यंत्राला दिले. नाशिकजवळच्या विमान कारखान्यात जे शिकलो ते सगळे त्यात ओतले. बाई रोज दुपारी डबा घेऊन हँगरमध्ये येत आणि मी बदललेल्या प्रत्येक भागाचा क्रमांक नोंदवहीशी ताडून बघत. एकदा एका बोल्टवरून आमचे तीन दिवस भांडण चालले.

"बोल्ट तोच आहे, बाई."

"तोच असेल. पण वहीत तसं लिहिलंय का?"

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. पण हे ज्याच्याकडे पुढे जाईल तो तुम्हाला कुठे ओळखतो?"

त्या वेळी मला 'पुढे जाईल' हे शब्द ऐकू आले नाहीत. माणूस स्वतःच्या हातांनी एखादी गोष्ट उभी करतो तेव्हा ती पुढे जाईल असे त्याला वाटत नसते.

हेलिकॉप्टर उडाले. पिवळ्या रंगात, पोटाखाली पाण्याची बादली लोंबकळवून, ते तीन हंगाम उत्तम चालले. ही बादली मात्र सरकारी नव्हती, आमच्या काउंटीने स्वतः घेतलेली होती. वाचकांपैकी कोणी ती पाहिली नसेल तर सांगतो: जाड कापडाची, माणूस आत उभा राहील एवढी मोठी, वर धातूचे कडे. वैमानिक ती गुरांच्या तळ्यात बुडवतो, भरून आणतो आणि आगीवर रिती करतो. त्या तीन हंगामांत चीफला एकदा जत्रेत लोकांना हेलिकॉप्टरच्या फेऱ्या घडवाव्यात अशी हौस आली होती. बाईंनी त्याला साखरेची आठवण करून दिली. "आजीनं शेजारणीच्या वाटीतून कुत्र्याला दूध पाजलं असतं का?" चीफ म्हणाला, "नो, मॅम," आणि जत्रेत त्याने लिंबू सरबताचा ठेला लावला.

मग आमच्या वैमानिकाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तो उडायचा थांबला. दुसरा मिळेना. जे अर्ज करत त्यांच्याकडे या कामाचा परवाना नसे, ज्यांच्याकडे परवाना असे ते आमच्याकडे येत नसत. एक पूर्ण हंगाम ऊस्ना हँगरमध्ये उभे राहिले. मी दर महिन्याला इंजिन सुरू करीत असे, पाती फिरवीत असे, पुसून ठेवीत असे.

वर्षअखेरीस राज्याकडून एक अर्ज येतो. त्यात वस्तूच्या नावासमोर एक चौकट असते: वापरात आहे. गावोगावचे कारकून तिथे खूण करतात आणि चहा प्यायला जातात. बाईंनी खूण केली नाही.

चीफ त्यांच्या टेबलाशी आला. मीही गेलो. चीफ समजुतीने म्हणाला, "मॅम, एक छोटीशी खूण. पुढच्या वर्षी पायलट मिळेलच."

"मिळाला की मागून घेऊ," बाई म्हणाल्या. "शेजारच्या काउंटीकडे दोन पायलट आहेत आणि हेलिकॉप्टर नाही. त्यांचं नाव यादीत आहे, मी विचारलंय."

"पण वापरात आहे ना!" मी मध्ये पडलो. "दर महिन्याला मी इंजिन चालवतो!"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "तुम्ही दर महिन्याला तवा तापवता. पोळी कधी लाटलीत?"

चीफला मराठी येत नव्हते, पण माझा चेहरा पाहून तो दोन पावले मागे सरकला.

मी त्या दिवशी पुष्कळ बोललो. ते सगळे इथे लिहिणार नाही, कारण ते खोटे होते. एवढेच सांगतो की चौदा महिन्यांचा हिशेब मी त्यांच्यासमोर मांडला आणि शेवटी म्हणालो, "तुम्हाला काय, तुमचा एक कागद कमी होईल." बाईंनी पेन उचलून त्या चौकटीसमोर स्वच्छ अक्षरात लिहिले: वापरात नाही, उत्तम स्थितीत आहे, लवकर न्यावे.

शेजारच्या काउंटीची माणसे न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी बाई हँगरमध्ये आल्या. हातात काउंटीच्या सभेच्या ठरावाची प्रत होती. बादलीसुद्धा हेलिकॉप्टरबरोबर द्यायची, असा ठराव त्यांनी मंजूर करून आणला होता.

"बादली आपली आहे!" मी म्हणालो. "ती तरी उसनी नाही!"

"हेलिकॉप्टर गेल्यावर तिचं काय करणार? तंबू ठोकणार?" मग त्या म्हणाल्या, "भांडं रिकामं कसं पाठवायचं?"

तेव्हा मला प्रथम कळले की बादली देण्यासाठी सभेत त्यांनी जी सहा कारणे वाचून दाखवली होती ती सगळी वरवरची होती. मूळ कारण हे एकच होते. सोलापूरच्या रेल्वे क्वार्टर्सची ती मुलगी सरकारची वाटी चिवडा घालून परत करीत होती.

"आणि तिच्यावर नाव घाला," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे ती कोरायची पेन्सिल आहे ना."

हत्यारांवर क्रमांक कोरण्याची विजेची पेन्सिल माझ्याकडे होती. मी रागात होतो. काउंटीचे नाव कोरायचे हे उघड होते, पण मी ते कोरले नाही. बादलीच्या धातूच्या कड्यावर, ठसठशीत देवनागरीत, मी कोरले: 'बाईंकडून'. लग्नातल्या भेटीच्या भांड्यांवर असते तसे. अर्थ असा की घ्या, दानशूरपणा तुमचा, तर नावही तुमचेच. माझ्या मते तो फार बोचरा टोमणा होता.

बाईंनी अक्षरांवरून बोट फिरवले. "हे खोटं आहे. भेट काउंटीची आहे. पुसा."

"कोरलेलं पुसत नाही."

त्यांनी अर्ज पुढे ओढला. "अक्षर मात्र चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या, आणि हस्तांतराच्या अर्जावर 'ओळखीच्या खुणा' या रकान्यात त्यांनी नोंद केली: कड्यावर परकीय लिपीत एक शब्द, अर्थ 'फ्रॉम बाई', मेकॅनिकचा आगाऊपणा. शेवटचे दोन शब्द त्यांनी इंग्रजीत कसे लिहिले ते मला आता आठवत नाही, पण ते अर्जावर होते. त्याखाली आणखी एक ओळ होती: ही बादली यापुढे हेलिकॉप्टरसोबत राहील.

चीफने सही करताना विचारले, "फ्रॉम बाय? म्हणजे गुडबाय?"

"तसंच समज," बाई म्हणाल्या.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोललो नाही. सात महिने. ही म्हणे, "तुमचं भांडण हेलिकॉप्टरशी आहे की बाईंशी, ते एकदा ठरवा." मी ठरवले नाही. त्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि मुलाकडे, दूर श्रूजबरी गावी, जायला निघाल्या. निरोपाच्या समारंभाला मी गेलो नाही. त्या मात्र जाण्याच्या दिवशी सकाळी आमच्या दारात गाडी थांबवून उतरल्या. मी वरच्या खोलीच्या खिडकीतून पाहत होतो. त्यांनी हिच्या हातात एक स्टीलचा डबा दिला, तो कधीतरी ढोकळा घालून हिनेच दिला होता. त्या गेल्यावर मी खाली आलो. डबा उलटा करून पाहिला, हिचेच नाव होते. उघडला, आत साखर होती.

पुढच्या फेब्रुवारीतला रविवार. आमच्या भागात वणवे उन्हाळ्याची वाट पाहत नाहीत. हिवाळ्यात गवत वाळून पांढरे पडते आणि कोरडा वारा सुटला की एक ठिणगी पुरते. त्या दिवशी टेकडीवर मंडळाचे हळदीकुंकू होते. टेकडीवरची घरे गेल्या काही वर्षांत आलेल्या तरुण कुटुंबांची, बहुतेक पुण्या-नागपूरची, आयटीतली. रस्त्याने जाणाऱ्या एका ट्रेलरची साखळी घासत गेली आणि खालच्या गवताने पेट घेतला. अर्ध्या तासात सगळ्यांना टेकडी सोडायला सांगण्यात आले.

आम्ही शाळेच्या पार्किंगमध्ये उभे होतो. काठपदराच्या साड्या, हातात मुले, आणि अनेकींच्या हातात वाणाची स्टीलची वाटी, कारण घाईत तीच हाती राहिली होती. स्मरणिकेचा तो तरुण माझ्याजवळ उभा होता. त्याचे घर टेकडीवरचे शेवटून दुसरे. तो फोनवर घराच्या कॅमेऱ्यातून आपलेच अंगण आणि घरामागचा लाकडी ओटा, डेक, पाहत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काका, डेकपर्यंत आलंय. काका, डेकपर्यंत आलंय." त्याची धाकटी मुलगी विचारत होती, "बाबा, इज माय रूम ओके?" आमचे बंब चढावर अडकले होते. सीडरची झाडे फटाक्यांसारखी फुटत होती.

तेव्हा मला आवाज ऐकू आला. दोन पात्यांचा तो जड, ठोकल्यासारखा आवाज. घरच्या माणसाची जिन्यावरची पावले जशी ओळखू येतात तसा मी तो ओळखला. मी म्हणालो, "ऊस्ना."

"काय?" तो तरुण म्हणाला.

पूर्वेकडून लाल-पांढरे हेलिकॉप्टर आले, गुरांच्या तळ्यावर उतरल्यासारखे झाले, बादली भरून उठले आणि टेकडीच्या माथ्यावर गेले. पहिली बादली त्या शेवटच्या दोन घरांच्या मागे पडली. मग दुसरी. मग मी मोजणे सोडले. तरुणाच्या फोनवर कॅमेऱ्याची काच ओली झाली आणि पडदा धूसर झाला. तो फोनकडे पाहत नुसता उभा राहिला. कोणाचेही घर गेले नाही. डेक गेले, कुंपणे गेली, एका घराचे छप्पर काळवंडले. माणूस एकही जखमी झाला नाही.

संध्याकाळी मी श्रूजबरीला फोन लावला. सात महिने तयार करून ठेवलेली सगळी वाक्ये विसरलो.

"बाई, टेकडी वाचली."

"कुणाला लागलं?"

"नाही."

"बादली फाटली का?"

"नाही बहुधा."

क्षमा मागणे मला जमत नाही, हे त्यांना ठाऊक होते. मी म्हणालो, "बाई, नुसता तवा तापवून पोळी होत नाही."

त्या हसल्या. एवढ्या मोकळ्या हसताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. "मग आज झाली का पोळी?"

"झाली."

"चला, मग जेवा आता," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यानंतर दर रविवारी आम्ही बोलत असू. गेल्या पानगळीत त्या तिकडेच वारल्या. मुलाने सांगितले की घर आवरताना एका कपाटात सगळी रिकामी भांडी निघाली, प्रत्येकात चिठ्ठी: हे अमुकचे, हे तमुकचे. काय भरून पाठवायचे तेही लिहिले होते.

आता स्मरणिकेकडे. मी त्या तरुणाला फोन केला.

"काका, तुम्ही पर्सनली घेताय," तो म्हणाला. "मी काकूंबद्दल चांगलंच लिहिलंय."

"'तरीही' लिहिलंयस."

"अहो पण फॅक्ट आहे ना. हेलिकॉप्टर आपल्याकडे असतं तर आणखी लवकर आलं असतं."

"कोण उडवणार होतं? तू?"

"पण जे आलं ते शेजारच्यांचं होतं, काका. मी स्वतः बघितलं. रेड अँड व्हाइट. आपलं यलो होतं."

"रंग बदलतात."

"ओके, पण प्रूफ काय? आणि मी ग्रुपवर करेक्शन टाकू शकतो ना, एवढं काय."

"स्मरणिका छापील आहे," मी म्हणालो. "उत्तरही छापीलच मिळेल. शनिवारी सकाळी गाडी काढ."

शनिवारी तो आला, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. वाटेत त्याने मला दोनदा विचारले की काका, पाणी हवंय का, आणि एकदा, अगदी हळू, की हे खरं असेल तर, काकूंना मी त्या दिवसानंतर थँक यू म्हणायला फोन केला नाही, तुम्हाला माहितीय? मी म्हणालो की मीही म्हणालो नाही.

शेजारच्या काउंटीच्या हँगरमध्ये एक तरुण स्त्री मेकॅनिक आहे. तिच्या नोंदवह्या मी पाहिल्या. बोल्टचेसुद्धा क्रमांक ताडलेले होते. मी विचारले, ही पद्धत कुणी लावली? ती म्हणाली, हेलिकॉप्टरबरोबर वह्या आल्या, त्यात असेच होते, म्हणून आम्हीही असेच ठेवतो. पुढच्या वर्षी त्यांना मोठे हेलिकॉप्टर मिळणार आहे आणि हे जुने पश्चिमेकडच्या एका दलाकडे जाणार आहे. बादलीही सोबत जाणार.

"बादली का?" मी विचारले.

"तो नियमच आहे," ती म्हणाली. "रिकामं पाठवायचं नाही. अर्जातच लिहिलेलं आहे."

बावीस पानांच्या त्या धोरणात असा नियम कुठेही नाही. मी ती पाने वाचलेली आहेत. पण मी तिला काही सांगितले नाही.

मी टेकडीवरच्या वणव्याचा दिवस सांगून विचारले की त्या दिवशी कोणती बादली लावली होती. तिने वही उघडून दाखवली. मग म्हणाली, "शिवाय आमच्याकडे ही एकच आहे. कापड आम्ही दोनदा बदललं. कडं मूळचंच." आणि कोपऱ्यातली बादली तिने उजेडात ओढली. "तुम्हाला हे वाचता येतं? आम्ही सगळे याला फॅक्टरीचा शिक्का समजतो."

मी बाजूला झालो आणि त्या तरुणाला पुढे केले. त्याने चष्मा सारखा केला, वाकला, काजळी अंगठ्याने पुसली आणि मोठ्याने वाचले.

ज्या पाण्याने त्याचे घर वाचले ते पाणी ज्या बादलीतून पडले, तिच्या कड्यावर 'बाईंकडून' असे कोरलेले आहे.